परत बसवलेले खवले

१२ मार्च

खोली मिळाली. बर्फाच्या कारखान्याच्या वर आहे, त्यामुळे फरशी गार असते आणि खालचं यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या बाटल्या हलकेच किणकिणतात. खिडकीतून धक्का दिसतो, त्यापलीकडे समुद्र. सकाळचा उजेड थेट टेबलावर पडत नाही, समोरच्या भिंतीवर आपटून मऊ होऊन येतो. मला असाच उजेड हवा होता. तरी खोली दाखवणाऱ्या बर्फवाल्या काकांना मी म्हणाले, "विचार करून सांगते." जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले आणि हो म्हणाले.

"झाला का विचार?" काका हसले. "बराच वेळ लागला."

बाबा अंगणात जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तरीण बर्फावर बसणार म्हणजे आता नासायची चिंता नाही." आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून मी मास्तरीण. शिकवत मी कुणालाच नाही.

आई एवढंच म्हणाली, "जिना दणकट आहे ना?" 

१५ मार्च

काम काय आहे ते एकदा स्वच्छ लिहून काढते, म्हणजे भीती कमी होईल.

शहरात जुन्या गोदामात चित्रांचं दालन आहे. ते चालवणाऱ्या बाईंनी मे महिन्यासाठी मला जागा दिली आहे. बाजूच्या भिंतींवर छोटे छाप लावायचे आणि समोरच्या मोठ्या भिंतीवर एकच, मोठा. "समोरचं चित्र असं हवं, की माणूस दारातच थांबला पाहिजे," असं बाई म्हणाल्या. मी जोरात मान डोलावली. असं चित्र माझ्याकडे नाही.

मी माशांचे छाप घेते. मासा मिठाने धुवायचा, बुळबुळ पूर्ण काढायची, टिपून कोरडा करायचा. पर आणि शेपटी पसरून टाचण्यांनी टेकवायची. अंगावर शाई लावायची, वरून पातळ कागद ठेवायचा आणि बोटांनी डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू दाबत जायचं. कागद उचलला की मासा कागदावर आलेला असतो, त्याच्याच मापाचा, त्याच्याच जखमांसकट. डोळा तेवढा उमटत नाही. तो मी कुंचल्याने काढते.

म्हणजे माझा फक्त डोळा. बाकी सगळं माशाचं. कॉलेजात सरांनी विचारलं होतं, "हा तर छाप झाला. यात तुझं काय?"  तो प्रश्न अजून तसाच आहे.

दालनात प्रत्येक चित्राखाली कार्ड लावायचं असतं. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, माध्यम. माझं नाव घालायला हात धजत नाही. बाईंना फोन करून भिंती परत देऊन टाकाव्यात, असं आज दोनदा वाटलं.

२१ मार्च

आज वारा जमिनीकडून होता. कागद कोरडा, हात लावला की कुरकुरणारा. समुद्राकडून वारा आला की हाच कागद आजारी माणसासारखा लुळा पडतो. सकाळी शाई खलताना एक सीगल खिडकीच्या चौकटीवर येऊन बसला आणि माझ्याकडे नाही, टेबलावरच्या बांगड्याकडे बघत राहिला. मीही काम थांबवलं. आम्ही दोघं बराच वेळ एकाच बांगड्याचा अभ्यास करत होतो. शेवटी खालचं यंत्र धडधडलं आणि तो उडाला.

एवढ्याशा गोष्टीने दिवसभर बरं वाटलं. चित्र एकही धड झालं नाही, तरीही. हे आळसाचं लक्षण तर नाही ना?

२९ मार्च

थोडं वाईट वाटलं आहे. लिहून टाकते.

मागच्या आठवड्यात बांगड्याचा एक छाप फसला. शेपटीपाशी कागद सरकला. मी तो घरी आणून रद्दीत ठेवला होता. आज बाजारातून जाताना बघते तर आईने तो आपल्या मासे विकायच्या फळीवर अंथरलेला. धक्क्याजवळच्या मासळीबाजारात सगळ्या बायका फळीवर प्लास्टिक घालतात, तसं त्यावरही प्लास्टिक होतं. फळी पुसायला सोपी जावी म्हणून कागद घातला असेल. फसलेलाच होता, माझी काही तक्रार नाही. तरी शेजारच्या मावशींना तिने सांगितलंसुद्धा नसेल, की हा माझ्या लेकीचा. 

आईला त्यात रस नाही, हे मला माहीत आहे. खोली घेतल्यापासून ती एकदाही वर आलेली नाही. बोलावलं तर म्हणते, "मासळीच्या पायांनी कुठे वर येऊ? तुझे कागद खराब होतील." हे कारण झालं.

मला मासे मात्र तीच देते आणि नशीब चांगलं, त्यांचे पर सहसा फाटलेले नसतात.

६ एप्रिल

आमच्या घरी आता रोज जेवायला उशीर होतो. शाई साधी आहे, पाण्याने जाते. त्यामुळे छाप घेऊन झाला की मासा घरी येतो आणि चुलीवर चढतो. आज बाबा ताटावर बसून म्हणाले, "आधी सगळ्यांचा मासा समुद्रातून थेट पोटात जायचा. आता आपल्याकडे तो वाटेत फोटो काढून घेतो."

"तुम्हाला भूक आहे का टिंगल करायची आहे?" आई म्हणाली.

"दोन्ही."

आई माझी बोटं बघत होती. म्हणाली, "हे काय झालंय?" मिठाने चिरा पडल्या आहेत. मी म्हणाले, बांगड्याचं काही नाही, पण मोठ्या खवल्यांच्या माशाला फार त्रास होतो. एकेका खवल्याखाली बुळबुळ अडकते, ती काढता काढता जीव जातो आणि जरा राहिली तर सगळा छाप बिघडतो. आई म्हणाली, "हं." मग तेल आणून माझ्या बोटांना लावलं. फार दिवसांनी कुणी माझे हात धरले असं वाटलं. मग मला आठवलं की तिच्या हातांनाही तेच मीठ लागतं, वर्षानुवर्षं, आणि मी कधी तेल आणलेलं नाही.

१८ एप्रिल

छोटे छाप झाले. त्यांतले काही चांगले आहेत, हे मी लिहू शकते कारण इथे कुणी वाचत नाही. एका पापलेटचा छाप इतका हलका आला आहे की श्वास सोडला तर कागदावरून निघून जाईल. मी तो भिंतीवर लावला आणि त्याच्यासमोर बसून चहा प्यायले. 

मोठं चित्र नाही. आमच्या धक्क्यावर मासेमारी यंदा सरकारी बंदीच्या महिनाभर आधीच, या महिनाअखेरीला बंद होणार, माशांच्या अंडी घालण्याच्या मोसमासाठी. मग प्रदर्शन होईपर्यंत बोट जाणार नाही. मला तांबोशी हवी आहे, मोठी, रुपयाएवढ्या खवल्यांची. कागदावर त्या खवल्यांच्या ओळी येतात ना, त्या मला झोपेतही दिसतात.

आईने विचारलं, "केवढी हवी?" मी हात पसरून दाखवलं. तिने माझे हात पाहिले, आणि मग तेच माप स्वतःच्या हातांत धरून तशीच आत गेली. बाबा म्हणाले, "अगं दाराला अडकशील."

२४ एप्रिल

बाईंचा फोन. कार्डांचा मजकूर पाठव म्हणाल्या. मी म्हणाले, उद्या. मग छोट्या छापांसाठी 'माध्यम : शाई, कागद' असं लिहिलं आणि खोडलं. मासा कुठे गेला? मग 'शाई, कागद, मासा' लिहिलं. ते स्वयंपाकाच्या यादीसारखं दिसतं. खरं मात्र तेच आहे, म्हणून राहू दिलं.

समोरच्या भिंतीचं कार्ड कोरं आहे. शेवटच्या बोटीनेही तांबोशी आली नाही तर बाईंना स्पष्ट नकार द्यायचा, भिंत रिकामी ठेवायची नाही. ठरवलं आहे.

२७ एप्रिल

आज जे झालं ते माझी बाजू न घेता लिहायचं आहे.

दुपारी खाली नळावर कुणीतरी बराच वेळ पाय धूत होतं. मग जिन्यावर पावलं वाजली. दारात आई उभी. केस नीट बांधलेले, हात कोपरापर्यंत धुतलेले, काखोटीला ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं.

"आत येऊ का?" आईने मला असं कधी विचारलेलं नाही.

तिने टेबलावर पोतं ठेवलं. "शेवटच्या बोटीची. दोन हॉटेलवाले मागे लागले होते, नाही दिली. घे. तुझं निम्मं काम करून आणलंय."

पोतं उघडलं. तांबोशी होती, मी दाखवलेल्या मापाची. पर शाबूत, शेपटी शाबूत. अंगावर एकही खवला नाही. नुसती गुलाबी, गुळगुळीत, उघडी.

मी उलटून पाहिली. ती बाजूही तशीच.

"तूच म्हणालीस ना, खवल्यांखालची बुळबुळ काढता काढता जीव जातो," आई म्हणाली. ती हसत होती. "म्हटलं, मुळावरच घाव घालू. पर कापणार होते सवयीने, मग आठवलं, पर लागतात."

"आई, खवल्यांशिवाय छाप कशाचा घेऊ मी?"

"छापात खवले कुठे असतात?"

आता कळतं, तिने आजवर माझा फक्त फळीवरचा बांगडा पाहिला होता. बांगड्याचे खवले उमटतच नाहीत. तेव्हा मात्र हे लक्षात आलं नाही. मी म्हणाले, "तुला यातलं काही कळत नाही, तर हात कशाला लावतेस?"

हेच शब्द. या आवाजात नाही, याहून वाईट आवाजात.

आईने भिंतीकडे पाहिलं. तिथे खवल्यांच्या माशांचे छाप होते. एकेकापुढे उभी राहून तिने सगळे पाहिले. "हे असे असतात होय," ती म्हणाली. मग पोत्याची नीट घडी घातली, काखेत धरली, "येते," म्हणाली आणि भिंतीला हात लावत जिना उतरली.

मी तांबोशी बर्फात ठेवली. बाईंना फोन लावला नाही. इथे बसून हे लिहिते आहे. घरात शिकलेली मी एकटी, आणि शिकून मी हे वाक्य शिकले.

२७ एप्रिल, संध्याकाळ

वरचं लिहून झाल्यावर बाजारात गेले. माफीचं वाक्य जुळवलेलं होतं. आईची फळी आवरलेली होती, आई नव्हती. फळीवरचा बांगडा आज पहिल्यांदा जवळून पाहिला. प्लास्टिकच्या कडा मेण ओतून बंद केल्या आहेत, पाणी आत जाऊ नये म्हणून. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "त्याच्यावर टोपली नको ठेवूस गं, तुझी आई ओरडते. आम्हाला हातसुद्धा लावू देत नाही."

घरी आले तर अंगणात आई उकिडवी बसली होती. समोर जुनी चादर, चादरीवर खवले. धुतलेले. मोठे एका बाजूला, मधले मध्ये, बारीक वेगळे. 

"फळीखालच्या कचऱ्याच्या दोन्ही टोपल्या उपसून तांबोशीचे तेवढे वेचलेत तिने," बाबा मला हळूच म्हणाले. "मी मदत करतो म्हटलं तर म्हणाली, तुमच्या जाड बोटांनी मोडतील."

आईने वर पाहिलं. डोळे चोळल्यासारखे लाल होते, ते बाबांच्या विडीच्या धुरानेही झाले असतील.

"परत लावता येतील का गं?"

जुळवलेलं वाक्य विसरले. मी म्हणाले, "येतील."

येतील की नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं. न पडताळता बोललेलं हे माझं पहिलंच वाक्य असेल.

२८ एप्रिल

येतात!

छाप पुठ्ठ्यावर चिकटवायला मी खळ शिजवते, तीच पातळ केली. शेपटीकडून सुरुवात. एक ओळ बसवायची, तिच्यावर पुढची ओळ अर्धी चढवायची, असं डोक्याकडे यायचं. आईची बोटं भरभर चालतात, माझी हळू. ती वरच्या अंगाने आली, मी पोटाच्या. मध्ये भेटलो तेव्हा दोघींच्या ओळी जुळेनात. माझ्या सरळ, तिच्या जरा चढत्या.

"तुझी रांग शाळेतली आहे," आई म्हणाली. "हाताची घडी, तोंडावर बोट."

"आणि तुझी?"

"बाजारातली. जो येईल तो घुसेल."

आम्ही दोघी हसलो आणि हसण्याने एक अख्खी ओळ घसरली. पुन्हा बसवली.

दुपारी बाबा डबा घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "छान. कौलं घालताय. पाऊस आला तर मासा भिजायला नको." बर्फवाले काका खालून बर्फ देऊन गेले, दर वेळी एक मिनिट थांबून बघून. मासा ताजा राहावा म्हणून आम्ही ओल्या फडक्याखाली हात घालून काम करत होतो. बोटं बधिर झाली की आई माझी बोटं स्वतःच्या मानेला लावायची, ऊब यायला. मी लहान असताना तसंच करायची. ती मला गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होती. एक बाई रोज येऊन माशाला वास येतो म्हणते आणि रोज नेते. मी विचारलं, इतकी वर्षं वर का नाही आलीस, म्हणजे या खोलीत. तेव्हा कळलं की खोली घेऊन जेमतेम दीड महिना झाला आहे आणि मी उगाच वर्षं म्हणाले.

"बोलावलंस की मग येईन म्हटलं," आई म्हणाली.

"बोलावलं तर होतं!"

"तसं नाही. काम असताना."

खांद्यापाशी थोडी जागा उघडीच राहिली. खवले संपले, काही वाहून गेले असतील. आई म्हणाली, माझ्याकडे दुसऱ्या माशाचे आहेत, आणू का? मी थांबले. दुसऱ्याचे लावणं मला खोटं वाटलं. ते सांगायला कसंसंच झालं, कारण हा असा मासा तरी कुठे खरा होता.

"राहू दे मग उघडं," आई लगेच म्हणाली. "जे नाही ते नाही."

कुंचला फिरवला तर खवले हलतील, म्हणून कापसाच्या बोळ्याने टिपत टिपत शाई लावली. कागद ठेवला. दाबायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तू डोक्याकडून ये," मी आईला म्हणाले. "मी शेपटीकडून."

तिने दोन्ही हात धुतले, पुसले, परत पुसले. मग कागदावर ठेवले.

कागद दोन टोकांनी दोघींनी उचलला.

नेमकं कसं झालं ते सांगता येत नाही. खऱ्या तांबोशीसारखं नाही, हे नक्की. ओळी मध्येच चढतात, काही खवले उलटे बसले आहेत, खांद्याला पांढरा डाग आहे. मी कितीतरी वेळ त्यात चूक शोधत होते. चुकाच चुका होत्या आणि नजर हलत नव्हती. आई कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"बिघडला का?"

"नाही," मी म्हणाले. मग डोळा काढला. 

तांबोशीवरचे खवले पुन्हा एकदा काढावे लागले, जेवायला. आई म्हणाली, या माशाइतका छळ मी कुणाचा केला नाही.

३ मे

समोरच्या चित्राचं कार्ड लिहायला बसले. नावाच्या जागी माझं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की या वेळी मी थांबलेच नाही. मग थांबले आणि आईला म्हणाले, तुझंही लिहिते.

"माझं कशाला? मी मासा बिघडवला."

"बसवलासही."

"तू बोलावलंस म्हणून आले. नाव-बिव नको. लोक म्हणतील, कोण ही."

खूप समजावलं, ऐकेना. शेवटी मी माध्यमाच्या ओळीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं : 'शाई, कागद, तांबोशी. आईने काढलेले आणि आई-लेकीने परत बसवलेले खवले.'

आईने कपाळाला हात लावला. "'काढलेले' कशाला सांगायचं जगाला? 'बसवलेले' एवढंच लिही."

"मग अर्धंच खरं होईल."

"मास्तरीण आहेस," आई म्हणाली. "अर्ध्यात भागत नाही तुझं."

ती रागावली आहे असं वाटतं. पण कार्ड तिने हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि बोट ठेवून विचारलं, यात 'आई' कुठे आहे? मी दाखवलं. दोनदा आहे म्हटल्यावर दुसरंही दाखवायला लावलं.

८ मे

आज दालन उघडलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि दर माणूस आत आला की जमिनीकडे बघत होते. त्यामुळे लोक दारात थांबले की नाही, ते बाईंकडून कळलं. थांबले म्हणतात.

आई सकाळपासून सांगत होती, मी मागे कोपऱ्यात बसेन, मला कुणाशी बोलायला लावू नकोस. बाबांनी तिला बाकावर बसवलं. मग एका गृहस्थाने समोरच्या चित्राचं कार्ड मोठ्याने वाचलं आणि बायकोला विचारलं, "काढलेले आणि परत बसवलेले? म्हणजे काय गं?"

आई उठली.

"सांगते ना," ती म्हणाली. तिला बाजाराचाच आवाज येतो, दुसरा नाही. सगळं दालन वळलं. "ही तांबोशी, शेवटच्या बोटीची. ताजी, तडफडती. आणि मी काय केलं, चांगली घासून घासून सगळे खवले काढले! दोन्ही बाजूंनी!"

बाबा कुजबुजले, "हळू. विकायला नाही आणली."

"मग ही माझी लेक," आई म्हणाली आणि माझा दंड धरून मला भिंतीपासून ओढून काढलं, "ही काय म्हणाली असेल मला?"

 लोक वाट बघत होते. आई माझ्याकडे बघत होती.

"म्हणाली, परत येतील लावता," आई म्हणाली. आणि तिने चित्रातली चढती ओळ दाखवायला हात वर केला. "ही बघा, ही माझी. ही सरळ, ती हिची."